ऑगीच्या बाजूचं टेबल

पोलादाच्या भट्ट्या बंद पडल्या, दोन शाळांची एक शाळा झाली, मोठ्या रस्त्यावरच्या निम्म्या दुकानांना फळ्या ठोकल्या गेल्या, तरी या खोऱ्यात एक गोष्ट काही बंद पडली नाही. लग्नातलं कुकींचं टेबल. नवरीचा झगा उसना असला तरी चालतो, नवरदेव पिऊन आला तरी चालतो, फादर नावं चुकले तरी लोक हसून सोडून देतात. टेबल रिकामं चालत नाही. अर्धं टेबल एका घराच्या बायकांचं, अर्धं दुसऱ्या घराच्या. मावश्या, आत्या, काकवा महिना-दोन महिने आधी भाजायला बसतात, तळघरातले फ्रीझर काठोकाठ भरतात, आणि लग्नाच्या दिवशी पाहुणे नवरीचं तोंड नंतर बघतात, आधी कोणाची बाजू भारी पडली ते बघतात. ज्याचं लग्न त्याने मात्र स्वतः भाजायचं नाही. आपल्याच लग्नात आपणच भाजणं म्हणजे मला माझं म्हणावं असं कोणी नाही, अशी गावभर दवंडी पिटणं.

मार्लीन हुडाकला हे सगळं तोंडपाठ होतं, कारण जन्मभर ती दुसऱ्यांच्याच लग्नांना जात आली होती. चाळिशी उलटलेली. बोलिंगच्या हॉलमध्ये काउंटरमागे उभं राहायचं, लोकांना भाड्याचे बूट द्यायचे, परत आले की त्यांत फवारा मारायचा, हे तिचं काम. भाजण्याच्या बाबतीत तिचा हात असा, की नुसता पाव गरम करायला ठेवला तरी शेजारी खिडक्या उघडत.

आणि प्रत्येक लग्नात तिच्या सोबतीला ऑगी. ऑगस्ट पेट्रोन, बॉयलर दुरुस्त करणारा, खांदे दाराएवढे, नखांत कायम काजळी. या माणसाच्या हातच्या चिमट्यावरच्या कुकींचं खोऱ्यात नाव होतं. कपड्यांच्या लाकडी चिमट्यावर पिठाची पट्टी गुंडाळायची, भाजायची, चिमटा अलगद ओढून काढायचा आणि पोकळीत क्रीम भरायचं. हुडाकांच्या घरात ज्या ज्या पोरीचं लग्न झालं, तिच्या टेबलावर ऑगीची परात होतीच.

ऑगीला बायकांत रस नाही हे मार्लीनला शाळेपासून माहीत होतं. मावश्यांना माहीत नव्हतं. माहीत करून घ्यायचं नसेल तर मावश्यांच्या चुलीपुढे हत्ती नाचला तरी त्या म्हणणार, धूर झालाय गं जरा. पोरीबरोबर एक धडधाकट पुरुष प्रत्येक लग्नाला येतोय, तिचा कोट सांभाळतोय, तिला नाचवतोय, एवढं त्यांना पुरे होतं. मार्लीनलाही पुरे होतं. "जमेल तेव्हा जमेल," असं म्हणून ती विषय टाळायची, आणि ऑगी शेजारी खांबासारखा उभा राहून हसायचा.

तिकडे वेंडेल घरी बसून असायचा. वेंडेल म्हणजे ऑगीचा वेंडेल. गावाची बस चालवायचा, आणि कित्येक वर्षं ऑगीशी संसार करत होता. लग्नांच्या शनिवारी तो एकटा जेवायचा.

मार्लीनला सिनेमांचं वेड. त्यातही त्या सिनेमांचं, ज्यांत एक बाई असते आणि तिचा एक तसला मित्र असतो. तो तिचे झगे निवडतो, तिची रडगाणी ऐकतो, शेवटी तिला तिच्या राजकुमाराकडे गाडीने सोडून येतो. त्याचं स्वतःचं घर कुठे, त्याच्यासाठी जेवायला कोण थांबतं, हे विचारायला अख्ख्या सिनेमात एकालाही सवड नसते. असले सिनेमे बनवणाऱ्यांना एकदा रांगेत उभं करून विचारलं पाहिजे, की हा माणूस आहे का सामान? मार्लीनने कधी विचारलं नाही. ती हे सिनेमे ऑगीच्याच सोफ्यावर, ऑगीच्याच पांघरुणात पाय खुपसून बघायची.

"आला बघ तुझा पर्स धरणारा," ऑगी म्हणायचा.

"गप रे. गोड आहे तो."

"गोडच आहे. म्हणून तर कोणी जेवू घालत नाही त्याला."

ती हसायची, आणि त्याच्याच ताटातला घास उचलायची.

मे महिन्यात कोर्टाने सांगितलं, इथून पुढे दोन पुरुषांनाही लग्न करता येईल. त्याच आठवड्यात वेंडेलच्या स्वयंपाकघरात ऑगीने तिला बातमी दिली.

"सप्टेंबर. आगीच्या बंबवाल्यांचा फायर हॉल सांगून ठेवलाय. तू साक्षीला माझ्या शेजारी उभं राहायचंस."

मार्लीनने त्याच्या गळ्यात उडी मारली, मग एकदम मागे सरून म्हणाली, "मी घालू काय?"

"लग्न माझं आहे, मार्लीन."

"म्हणून काय मी गोणपाट गुंडाळून येऊ?"

वेंडेल कॉफी ओतत हसला. जाडजूड, संथ माणूस. "माझ्या आत्या कंबर बांधून बसल्यात. तिघीजणी, आणि एकीचं दुसरीशी पटत नाही. माझ्या बाजूचं टेबल मोडणार बहुतेक."

"आणि तुझ्या बाजूचं?" मार्लीनने ऑगीला विचारलं.

ऑगीने साखर उगाच ढवळली. त्याची आई दोन गल्ल्या सोडून राहायची. तो वेंडेलकडे राहायला गेला तेव्हापासून ती त्याच्याशी बोलत नव्हती. थंडीत बॉयलर बिघडला की मात्र शेजारणीकडून निरोप यायचा, आणि हा गाढव हत्यारं घेऊन जायचा, दुरुस्त करून यायचा. ती दार उघडून वर निघून जायची.

"माझ्या बाजूला पांढरी चादर घालू," तो म्हणाला. "इस्त्री करून."

एवढं बोलून तो भांडी घासायला उठला. दोघांनीही त्याच्या पाठीकडे बघितलं. अख्ख्या खोऱ्याच्या लग्नांत भाजून देणाऱ्या माणसाचीच बाजू रिकामी, तीही भरल्या बाजूला खेटून, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर.

मार्लीन दुसऱ्याच दिवशी ओल्गामावशीकडे गेली. ती खरंच विचारायलाच गेली होती. हे तिच्या बाजूने सांगून ठेवलं पाहिजे, कारण यापुढचं फारसं काही तिच्या बाजूने नाही.

ओल्गामावशी म्हणजे तिच्या आईची थोरली बहीण. अक्रोडाच्या रोलमध्ये तिचा हात धरणारं कोणी नव्हतं, आणि हे ती स्वतःच सांगत असल्यामुळे वादाला जागा नव्हती. धाकटी बर्नाडेटमावशी, विधवा, तिच्याकडेच वरच्या मजल्यावर राहायची.

"मावशी, सप्टेंबरमध्ये लग्न आहे," मार्लीन म्हणाली. "ऑगीचं."

ओल्गामावशीच्या हातातलं लाटणं ओट्यावर पडलं. "बर्नाडेट! ए बहिरे! खाली ये! ऑगीने विचारलं! त्या खांबाला पालवी फुटली एकदाची!"

"मावशी, ऐक तरी..."

"काय ऐकू? इतकी वर्षं ऐकतेच आहे, जमेल तेव्हा जमेल!" पिठाने भरलेल्या दोन्ही हातांनी तिने मार्लीनचा चेहरा धरला. "माझी सोन्यासारखी पोर."

आई गेल्यापासून मार्लीनचा चेहरा असा कोणी धरला नव्हता. ती बोलायला तोंड उघडून उभी होती. आता खरं सांगितलं तर फ्रीझरचं झाकण पडलंच, ऑगीची बाजू गेलीच, असा विचार तिच्या मनात आला. तो खराच होता. पण तोंड मिटलं ते त्या विचाराने नाही. ते मिटलं गालांवरच्या पिठाने.

मग जून, जुलै आणि अर्धा ऑगस्ट मार्लीन नवरी होती.

"चर्च नको, भेटवस्तूंचा सोहळा नको, अगदी साधं करायचंय," असं तिने सांगितलं. मावश्या फुरंगटल्या आणि दुप्पट भाजायला लागल्या. बर्नाडेटमावशीने जर्दाळूच्या सारणाच्या घड्या घालायला घेतल्या. ओल्गामावशीने अक्रोड फोडताना तिला शेजारी बसवून संसाराच्या चार गोष्टी सांगितल्या, त्यांतल्या तीन ऐकून मार्लीनचे कान लाल झाले. चर्चबाहेर बायका तिला थांबवून गालाला हात लावायला लागल्या. ज्या बायकांनी आजवर "अजून बुटांवरच का गं?" एवढंच विचारलं होतं, त्याच. एका दुपारी बोलिंगचा हॉल रिकामा असताना ती आरशासमोर उभी राहिली, बूट फवारायचा डबा छातीशी गुच्छासारखा धरला, आणि हळू पावलं टाकत चेंडू सोडायच्या शेवटच्या गल्लीपर्यंत जाऊन आली.

बेत तिच्या डोक्यात पक्का होता. कुकी एकदा हॉलमध्ये टेबलावर मांडल्या की सांगून टाकायचं. मांडलेली परात परत उचलायची नाही असा काही नियम नव्हता, पण असावा असं तिला मनापासून वाटत होतं.

आणि ओल्गामावशीच्या तळघरातला फ्रीझर बंद होईना.

त्यात चूक फ्रीझरची नव्हती, त्यात इतकं कोंबलं होतं की झाकणच बसत नव्हतं. पण मावशीला वाटलं बिघडला, आणि यंत्र बिघडलं की बोलवायचं कोणाला, तर घरच्याच माणसाला. ऑगी हत्यारं घेऊन गेला.

तासाभराने तो बोलिंगच्या हॉलमध्ये शिरला तेव्हा त्याच्या दोन्ही गालांवर बर्नाडेटमावशीच्या लिपस्टिकचे ठसे होते.

"बर्नाडेटमावशींनी नवऱ्याची मनगटाची सोन्याची बटणं दिली मला," तो काउंटरवर वाकून म्हणाला. "लग्नात घालायला. आणि ओल्गामावशी म्हणाल्या, मार्लीनला रात्री पाय गार पडायची सवय आहे, सांभाळून घे."

मार्लीनने एका बुटात फवारा मारला, मग त्याच बुटात पुन्हा मारला. "मी सांगणारच होते."

"कधी? नातवंडं झाल्यावर?"

"तुझ्यासाठीच केलं ना ते! तुझी बाजू भरावी म्हणून!"

"माझी बाजू भरायला तू नवरी कशाला झालीस?"

"त्यांनीच ठरवलं. मी फक्त..."

"तू फक्त गप्प बसलीस. यात तुझा हात कोणी धरणार नाही." त्याचा आवाज वर गेला नाही, हेच वाईट होतं. "इतकी वर्षं तुझ्या घरच्या प्रत्येक लग्नाला आलो. वेंडेलला घरी ठेवून आलो. का, तर मार्लीनला मावश्या टोचतात. मी तुझी छत्री आहे का गं? पाऊस आला की उघडायची, थांबला की दाराआड उभी करायची? आणि आता माझं लग्न आलं, एकदाच येणार आहे ते, तर त्यातही छत्री मीच आणि नवरी तू?"

चौथ्या गल्लीवरचे म्हातारे खेळ थांबवून ऐकत होते.

"सांगून टाक त्यांना," ऑगी म्हणाला. "फ्रीझर रिकामा झाला तर होऊ दे. चादर घालीन मी. पण चोरीच्या कुकी माझ्या लग्नात नकोत." त्याने सोन्याची बटणं काउंटरवर ठेवली. "ही पण परत दे. मला आवडली होती."

तो गेला. मार्लीनने त्या बुटात तिसऱ्यांदा फवारा मारला. नंतर ते बूट ज्याने घातले तो दिवसभर शिंकत होता.

रविवारी चर्चहून आल्यावर दोघी मावश्या ओट्याशी असताना तिने बटणं टेबलावर ठेवली आणि उभ्या उभ्या सांगून टाकलं. लग्न ऑगीचंच आहे. वेंडेलशी आहे. माझं कोणाशीच नाही.

ओल्गामावशीने भट्टीचं दार उघडलं आणि रोल न काढताच परत लावलं.

"वेंडेल कोण?" ओल्गामावशीने विचारलं.

"बस चालवतो."

"तो जाडा?" बर्नाडेटमावशी म्हणाली. "काळा? मी जागेवर बसेपर्यंत गाडी हलवत नाही, तो?"

"तोच."

"चांगला माणूस आहे गं तो, ओल्गा."

"तू गप." ओल्गामावशी खुर्चीवर बसली. बसली म्हणजे खचली. "मागच्या रविवारी मी तुझ्या आईच्या थडग्यापाशी जाऊन बसले होते. म्हटलं, हेलन, झालं बाई, आता तरी निवांत झोप. तुझ्या पोरीचं जमलं." तिने एप्रनने नाक पुसलं. "मेलेल्या बहिणीशी खोटं बोलायला लावलंस तू मला."

मार्लीनने ते ऐकून घेतलं. पण ती ज्यासाठी आली होती ते अजून राहिलंच होतं.

"माझ्यावर काय रागवायचं ते रागव, मावशी. मी खोटी आहे. पण त्याने तर काही केलं नाही ना? त्याच्या बाजूला कोणीच नाही. तुझ्या लेकींच्या लग्नांत तो या ओट्याशी उभा राहून भाजायचा. तेव्हा त्याचे हात चालले."

"ते पुरुषा-पुरुषांचं लग्न मला कळत नाही. माझं वयही नाही आता कळून घ्यायचं."

"भाजायला कळावं लागतं का?"

"फ्रीझर बंद कर," मावशी म्हणाली. "सगळं नाताळात चर्चच्या विक्रीला जाईल."

मार्लीनने झाकणावर बसून फ्रीझर बंद केला. वर आली तेव्हा बर्नाडेटमावशी हळूच विचारत होती, "त्या बसवाल्याला कोणी आहेत का गं, भाजायला?"

"तीन आत्या. जूनपासून बसल्यात."

ओल्गामावशी भिंतीकडे बघत होती. भिंतीकडेच बघत तिने विचारलं, "काय काय केलंय?"

"लिंबाच्या. रताळ्याच्या. आणि पीचसारख्या दिसतात ना, दोन जोडून, वर साखर लावून, त्या."

"पीच?" बर्नाडेटमावशीने डोळे मोठे केले. "ओल्गा, पीच केलेत."

"मला ऐकू येतं. जा तू आता, मार्लीन."

तिने ऑगीला फोन केला. "सांगितलं. तुझी बाजू रिकामी आहे."

पलीकडे नळ बंद केल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, "बरं. लवकर ये त्या दिवशी. चादर दोघांनी धरली की सुरकुती पडत नाही."

फोन ठेवून मार्लीन उठली आणि कपडे वाळत घालायच्या दोरीवरचे जुने लाकडी चिमटे काढून घेऊन आली.

लग्नाच्या दिवशी फायर हॉलमध्ये वेंडेलची बाजू खरोखर टेबल मोडेल अशी होती. मजल्यांवर मजले. पीच तर असे, की एका म्हाताऱ्याने देठ शोधला. थोरली आत्या, कॉर्डेलिया, जांभळी टोपी घालून शेजारी पहारा देत होती. ऑगीच्या बाजूला पांढरी चादर, कडक इस्त्रीची, आणि तिच्यावर एकच ताटली.

"हे काय?" ऑगीने विचारलं. निळ्या सुटात तो एखाद्या चांगल्या घराच्या दारासारखा दिसत होता.

"तुझी बाजू," मार्लीन म्हणाली.

ताटलीत चिमट्यावरच्या कुकी होत्या. म्हणजे असाव्यात. काही वाकड्या, काही काळ्या, एकीतून क्रीम रडून बाहेर आलं होतं. ऑगीने त्यातल्या त्यात बरी एक उचलली आणि चावली. कटकन आवाज झाला. तो थांबला.

"मार्लीन."

"कोरडी झालीय का?"

"चिमटा काढला नाहीस."

"काय?"

त्याने तोंडातून चिमट्याचं टोक काढून तिला दाखवलं. आणि मग तो जो हसायला लागला, तो टेबलाचा आधार घेऊन, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मार्लीनला आधी रडू आलं, मग हसू आलं, मग दोन्ही एकदम. वेंडेल धावत आला, काय झालं म्हणून. ऑगीला बोलता येईना. त्याने नुसता चिमटा वर धरला.

सिनेमात नेमक्या अशा वेळी हॉलचं दार उघडतं आणि बाईसाठी कोणीतरी आत येतो. दार उघडलं. बर्फवाला होता. त्याचं लग्न झालेलं होतं आणि बर्फ वितळत होता.

त्याच्या मागोमाग, दाराला ढोपर लावून, ओल्गामावशी आत आली. अंगात मार्लीनच्या लग्नासाठी शिवलेला निळा झगा. हातात परात. मागे बर्नाडेटमावशी, दोन पराती एकावर एक. तिच्या मागे चर्चमधल्या आणखी दोघी, आपल्याला कोणी बघत नाहीये अशा थाटात.

ओल्गामावशीने कोणाकडेही न बघता पूर्ण टेबलाला एक फेरी मारली. पीचसमोर थांबली. वाकली. वास घेतला.

"रंग कशाने दिलाय?" तिने जांभळ्या टोपीला विचारलं.

"ते आमच्या घरातलं आहे," कॉर्डेलिया आत्या म्हणाली. "घरातच राहील."

"हं." मावशीला हे उत्तर आवडलं. "आणि ही रिकामी बाजू कोणाची?"

"अजून तरी कोणाची नाही, बाई."

"कोणाची नाही कशी? आमची आहे." तिने परात चादरीवर अशी आदळली की मेणबत्त्या हलल्या. "पोराच्या लग्नात बाजू रिकामी ठेवली असं उद्या गाव म्हणेल. बर्नाडेट, गाडीतल्या आण. नाताळचं नाताळात बघू."

ऑगी पुढे झाला. 

"वाक जरा," मावशी म्हणाली. तिने त्याचा टाय सरळ केला, पर्समधून ती सोन्याची बटणं काढून त्याच्या मनगटात घातली. "मला हे सगळं कळत नाही, हे आधीच सांगून ठेवते."

"कळायला पाहिजे असं नाही, मावशी."

"आई आली नाही तुझी?"

"नाही."

मावशीने दुसरं बटण अडकवलं. "या थंडीत तिचा बॉयलर बिघडला तर जाऊ नकोस. निदान एक दिवस जाऊ नकोस."

मार्लीन चादरीची कड उगाच ओढत उभी होती. मावशी तिच्याशी बोलली नाही. तिने ती वाकडी ताटली उचलली आणि टेबलाच्या मागे, पाण्याच्या भांड्याआड ठेवली. ऑगीने ती तिथून काढली आणि अक्रोडाच्या रोलच्या बरोब्बर मधे ठेवली.

"अरे, दात पडेल कोणाचा तरी!"

"माझा हलायला लागलाच आहे, मावशी. राहू द्या."

लग्न लागलं. मार्लीन ऑगीच्या शेजारी उभी राहिली, आणि तिच्याकडे बघायला कोणालाही वेळ नव्हता. तिने ते एकदाच मनात मोजलं आणि सोडून दिलं. वेंडेलला शब्द आठवेनात तेव्हा बर्नाडेटमावशी मोठ्याने म्हणाली, "बसू द्या त्याला आधी नीट!" आणि सगळा हॉल हसला.

संध्याकाळी पाहुणे घरी न्यायच्या कुकी खोक्यांत भरत होते तेव्हा ओल्गामावशी मार्लीनच्या शेजारी येऊन उभी राहिली. एक खोकं उघडलं, त्यात रोलचे तुकडे रचायला लागली.

"उद्या सकाळी तुझ्या आईकडे यायचं," ती खोक्याशीच बोलल्यासारखं म्हणाली. "काय झालं ते तू सांगायचंस. मी एकदा सांगून बसलेय."

"काय सांगू, मावशी?"

"सांग, लग्न झालं. आपलीच बाजू भारी होती." तिने दोन पीच हळूच रोलखाली दडवले आणि झाकण लावलं. "आणि ते चिमटे आणू नकोस तिथे. मेली असली तरी हेलनला चव कळते."